बोबडे बोल आणि बंगाली साहित्य : ‘वर्णपरिचय’ ते ‘सहज पाठ’

बंगाली सन १२९९ च्या वैशाखात कलकत्त्याच्या ‘साहित्य’ मासिकात ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे ‘प्रभावती-संभाषण’ हे छोटेसे गद्यलेखन प्रसिद्ध झाले. त्याच सालच्या अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षात, ‘साधना’ मासिकात रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘काबुलीवाला’ ही कथा छापली गेली. इसवी सनाच्या हिशेबाने हे दोन्ही महिने १८९२ मधले. पहिल्या लेखनातील मुलगी तीन वर्षांची, खरीखुरी आणि ते छापले जाण्यापूर्वी एकोणतीस वर्षे निवर्तलेली. दुसऱ्यातील मुलगी पाच वर्षांची, कथेतली. पण जन्मानंतर भाषा शिकण्यात एक वर्ष घालवल्यापासून जागेपणीचा एकही क्षण तिने मौनात दवडलेला नाही, असे तिचा बाप सांगतो. लहान मुलाचे बोलणे जसे कानावर पडते तसे कागदावर उतरवण्याजोगे असते, ही जाणीव बंगाली साहित्यात या दोन लेखनांपाशी स्पष्ट झाली, असे म्हणता येईल. ती कशी आली, आणि पुढे पाऊणशे वर्षांच्या अवधीत बोबड्या बोलांना या शहराच्या साहित्यात कोणते स्थान मिळाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बालकाच्या अस्फुट बोलण्याचे कौतुक भारतीय साहित्याला नवे नाही. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुष्यंताला मुलांच्या अव्यक्त उच्चारांतील गोडवा मोहवतो, आणि ‘रघुवंशा’तील बाळ रघू दाईने उच्चारलेले शब्द तिच्यामागून म्हणत चालायला शिकतो. मराठी संतकवींनी तर भक्ताच्या देवाशी चाललेल्या बोलण्याला तान्हुल्याच्या बोबडेपणाची उपमा वारंवार दिली आहे. मात्र या परंपरेत बोबड्या बोलांचा गोडवा सांगितला जातो. मूल नेमके काय बोलले, ते सहसा सांगितले जात नाही. एक लक्षणीय अपवाद कालिदासाचाच आहे. मातीच्या मोराकडे लक्ष वेधण्यासाठी तापसी सर्वदमनाला शकुंताचे, म्हणजे पक्ष्याचे, लावण्य पाहा असे सांगते. त्या जोडशब्दात मुलाला आईचे नाव ऐकू येते आणि ती कुठे आहे म्हणून तो विचारू लागतो. जवळ उभ्या असलेल्या दुष्यंताला आपली हरवलेली माणसे ओळखण्याची एक खूण या चुकीच्या ऐकण्यातून मिळते. मुलाची चूक येथे नाट्याला पुढे नेते. तिच्यावर हसून पुढे जाण्याची सोय कालिदासाने ठेवलेली नाही. ही वाट पुढे बराच काळ कोणी चोखाळली नाही.

एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्यात मूल साहित्यात आले ते विद्यार्थी म्हणून. १८५५ साली विद्यासागरांच्या ‘वर्णपरिचया’चे दोन्ही भाग निघाले आणि बंगाली मुलांच्या पिढ्यामागून पिढ्यांनी त्यावरून अक्षरओळख करून घेतली. वर्णमालेची नवी मांडणी, बंगालीत न वापरल्या जाणाऱ्या स्वरांची गच्छंती आणि सोप्याकडून कठीणाकडे जाणारा पाठांचा क्रम या गोष्टींमुळे त्या पुस्तकाचे शैक्षणिक महत्त्व निर्विवाद आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस गोपाल आणि राखाल ही दोन मुले येतात. गोपाल सुबोध, मिळेल ते खाणारा, सांगितलेले ऐकणारा. राखाल नेमका त्याच्या उलट. दोघांविषयी पुष्कळ सांगितले आहे, पण त्यांचे स्वतःचे बोलणे आपल्या कानी पडत नाही. १८९५ मध्ये विद्यासागरांवर बोलताना रवींद्रनाथांनी मार्मिकपणे दाखवून दिले की, लहानपणी खुद्द विद्यासागरांचे वळण गोपालपेक्षा राखालशी अधिक जुळणारे होते. हा विनोद वरवरचा नव्हे. ज्या माणसाने बंगाली मुलाला शिस्तीचे पहिले पुस्तक दिले, त्याच्या मनात बेशिस्त मुलाला जागा होती, याचा पुरावा तोवर छापून झाला होता.

तो पुरावा म्हणजे ‘प्रभावती-संभाषण’. प्रभावती ही विद्यासागरांचे स्नेही राजकृष्ण बंद्योपाध्याय यांची मुलगी. याच राजकृष्णबाबूंच्या सुकिया स्ट्रीटवरील घरात ७ डिसेंबर १८५६ रोजी कायद्याने संमत झालेला पहिला विधवाविवाह पार पडला होता. १८६३ मध्ये प्रभावती वारली. सार्वजनिक आयुष्यातील कटकटींनी आणि माणसांच्या कृतघ्नतेने शिणलेल्या विद्यासागरांना या मुलीचा सहवास हाच काय तो विसावा होता. तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिलाच उद्देशून हे लेखन केले. काळ जाईल तसा आपल्याला तिचा विसर पडेल या भयाने तिच्या लीला थोडक्यात नोंदवून ठेवीत आहोत, असे ते स्वच्छ सांगतात. आणि मग तिचे रुसणे, गळ्यात पडणे, लटक्या घरसंसाराचे खेळ, मोठ्या माणसांच्या थाटात केलेले संवाद असे प्रसंग एकामागून एक मांडतात.

या लेखनाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. विद्यासागरांची वाक्ये नेहमीप्रमाणे समासप्रचुर साधुभाषेतील आहेत, आणि त्यांच्या मधोमध एका लहान मुलीचे घरगुती बोल येतात. दोन भाषा एकमेकींत मिसळत नाहीत. परंतु ज्या लेखकाने बंगाली गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावली, त्याने येथे मुलीचे बोलणे सुधारून घेतलेले नाही. बोलणे जसेच्या तसे राहिले तरच मुलगी राहील, हे त्याला उमगले होते. हे लेखन त्यांनी स्वतःच्या हयातीत छापले नाही. १८९१ मध्ये ते निवर्तले आणि पुढील वर्षी त्यांचे दौहित्र सुरेशचंद्र समाजपती यांनी ते आपल्या ‘साहित्य’ मासिकातून प्रकाशात आणले. बंगालीतील आरंभीचे गद्य शोककाव्य म्हणून समीक्षक त्याचा निर्देश करतात. बोबड्या बोलांची बंगालीतील एक आद्य नोंद म्हणूनही त्याचे मोल तितकेच आहे, आणि ही नोंद विसराच्या भीतीतून झाली, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

‘काबुलीवाला’तील मिनी थेट बोलतच कथेत शिरते. बाप कादंबरीचे सतरावे प्रकरण लिहीत बसला आहे. त्याचा वीरनायक नायिकेसह अंधाऱ्या रात्री तुरुंगाच्या उंच खिडकीतून उडी घेण्याच्या बेतात आहे. अशा वेळी मुलगी येऊन तक्रार करते की, दरवान रामदयाल कावळ्याला ‘काक’ म्हणण्याऐवजी ‘कौवा’ म्हणतो. म्हणजे त्याला काहीच कळत नाही. जगातील भाषाभेदांविषयी बाप तिला काही ज्ञान देणार, तोच ती दुसऱ्या विषयाकडे वळलेली असते : आकाशात हत्ती सोंडेने पाणी उडवतो म्हणून पाऊस पडतो असे भोला सांगतो, तो किती खोटे बोलतो! या दोन वाक्यांत मिनीचे सगळे तर्कशास्त्र आलेले आहे. वस्तूचे नाव हा वस्तूचाच भाग आहे, ते बदलणारा अडाणी, हा तिचा सिद्धांत. हसू येते ते तिच्या अज्ञानाचे नव्हे. एवढ्या ठाम न्यायबुद्धीने ती जगाचा निवाडा करते, याचे.

रहमत कथेत आला की एक विलक्षण योग जुळतो. हा पठाण मोडक्या, मिश्र बंगालीत बोलतो. तोही या भाषेत नवा आहे. झोळीत काय आहे या मिनीच्या नेहमीच्या प्रश्नाला तो ‘हत्ती’ असे उत्तर देतो, पण ‘हाति’ या बंगाली शब्दावर एक अनावश्यक चंद्रबिंदू चढवून. आणि दोघेही पोट धरून हसतात. एका शब्दावरच्या नको असलेल्या अनुस्वारावर दोन देशांची, दोन वयांची माणसे एकत्र येतात. त्यांच्या थट्टेचा दुसरा शब्द ‘श्वशुरबाडी’ हा. तू सासरी जाणार का, असे रहमत विचारतो. मिनीला हा शब्द ठाऊक नाही. पण गप्प बसणे स्वभावात नसल्याने ती उलट विचारते की, तू जाणार का? रहमतच्या जातीच्या लोकांत सासर या शब्दाला तुरुंगाचाही अर्थ आहे. तो हवेत मूठ उगारून काल्पनिक सासऱ्याला दम देतो. पुढे हाणामारीच्या गुन्ह्यात शिपाई त्याला खरोखरच धरून नेतात, तेव्हाही प्रश्न आणि उत्तर तेच राहते. अनेक वर्षांनी सुटून तो येतो तो मिनीच्या लग्नाचा दिवस. वधूवेषातील मिनीला तो तोच जुना प्रश्न विचारतो. आता तिला शब्दाचा अर्थ कळतो. ती लाजून तोंड फिरवते आणि उत्तर देत नाही. भाषा शिकून पूर्ण झाली की बालपण संपते, हे सत्य रवींद्रनाथांनी एका शब्दाच्या अर्थबदलात साठवले आहे. ज्या शब्दावर दोघे हसत, तो कळताक्षणी हसणे थांबले. मिनीच्या चित्रणामागे आपली थोरली मुलगी माधुरीलता, म्हणजे बेला, असल्याचे रवींद्रनाथांनी पुढे सांगितले आहे. १८८६ मध्ये जन्मलेली बेला १९१८ मध्ये वारली.

मुलांच्या बोलण्यावर आपण का हसतो, याचे उत्तर भाषाविज्ञानाने विसाव्या शतकात पुष्कळसे स्पष्ट केले. मराठीचेच उदाहरण घ्यावे. ‘करणे’चे भूतकाळी रूप ‘केले’ हे अनियमित आहे. मूल मात्र ‘धरले’, ‘भरले’, ‘सरले’ यांच्या पंक्तीला ‘करले’ बसवते आणि ‘मेला’च्या जागी ‘मरला’ म्हणते. घरात कोणीही ‘करले’ म्हणत नसता मुलाने ते कुठून आणले? त्याने ते ऐकून उचललेले नाही. नियम ओळखून बनवलेले आहे. असेही आढळते की, तेच मूल आरंभी ‘केले’ असे बरोबर म्हणत असते. नियम हाती आल्यावर चुकू लागते आणि अपवाद पचल्यानंतर पुन्हा बरोबर बोलते. मधली चूक ही प्रगतीची खूण असते. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी अमेरिकेतील लहान मुलांना बनावट शब्द देऊन त्यांची अनेकवचने विचारली, तेव्हा कधीही न ऐकलेल्या शब्दांनाही मुलांनी नियमाने प्रत्यय लावले. ज्याला मोठी माणसे ‘तू’ म्हणतात ते मूल स्वतःलाच ‘तू’ म्हणते, यातही तर्क निर्दोष असतो. सर्वनामाचा मालक बोलणाऱ्याबरोबर बदलतो, एवढीच गोष्ट त्याला कळायची असते. भाषेच्या नियमांशी मूल आपल्याहून अधिक इमानी असते, आणि त्याच्या चुकीत आपल्या भाषेच्या विसंगती उघड्या पडतात. आपण हसतो ते पुष्कळदा स्वतःच्याच भाषेला.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. मुलाचे बोबडे बोलणे वेगळे आणि मुलाशी बोलताना मोठ्यांनी धारण केलेले बोबडेपण वेगळे. ‘दुदू’, ‘भूभू’, ‘माऊ’, ‘जोजो’, ‘भूर’ ही शब्दसंपत्ती मोठ्यांची आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या परंपरेने चालत येते आणि प्रत्येक भाषेत तिची व्यवस्था असते. १९६४ मध्ये अशोक रा. केळकर यांनी ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठीतील या बोलीचे वर्णन केले. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातील सहा भाषांतील अशा बोलींची तुलना केली. त्या सहांत मराठी होती. बंगालीतील या बोलीवर अफिया दिल यांचा अभ्यास १९७१ मध्ये ‘वर्ड’मध्येच आला. साहित्यसमीक्षेला हा भेद उपयोगी आहे. कारण बालकाचा आवाज म्हणून साहित्यात जे येते, ते अनेकदा मोठ्यांच्या लाडिक बोलीचेच रूप असते.

या मोठ्यांच्या बोलीचे सर्वांत समृद्ध भांडार म्हणजे बंगालीत ‘छडा’ या नावाने ओळखली जाणारी मौखिक बडबडगीते. १८९४ मध्ये रवींद्रनाथांनी बायकांच्या तोंडी असलेल्या छड्यांवर निबंध लिहिला. तो ‘साधना’त आला आणि पुढे १९०७ च्या ‘लोकसाहित्य’ या ग्रंथात समाविष्ट झाला. त्यांनी गोळा केलेले छडे नव्याने स्थापन झालेल्या बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेने छापले. कोणते पाठांतर मूळ आणि कोणते भ्रष्ट, हा वाद त्यांनी गौण मानला. छड्यांची तुलना त्यांनी ढगांशी केली : दोन्ही क्षणोक्षणी रूप बदलणारी, कार्यकारणाला न जुमानणारी, आणि तरीही एक धान्याला आणि एक शिशुमनाला पाणी पुरवणारे. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात विनाकारण उडी घेण्याचा छड्याचा स्वभाव हा मुलाच्या मनाचा स्वभाव आहे, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. १८९९ मध्ये योगींद्रनाथ सरकार यांचा ‘खुकुमणीर छडा’ हा मोठा संग्रह निघाला. त्याला प्रस्तावना लिहिली रामेंद्रसुंदर त्रिवेदी यांनी. पुढे ध्वनी आणि अर्थ यांच्या संबंधावर बंगालीत मूलगामी विचार मांडणारे तेच. रवींद्रनाथांनीही ध्वन्यात्मक शब्दांवर स्वतंत्र लेखन केले. व्याकरणांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेले टपटप, झुमझुम अशा जातीचे शब्द बंगाली भाषेच्या हृदयाशी आहेत, हे या दोघांनी दाखवले. आणि त्यांचे कान छड्यांनी तयार केले होते.

मराठी वाचकाला या छड्यांत स्वतःचा एक अप्रिय संदर्भही भेटतो. बंगालमधील एक अतिपरिचित अंगाईगीत बाळ निजल्याचे सांगता सांगताच देशात ‘बर्गी’ आल्याचे सांगते. पाखरांनी धान खाल्ले, आता सारा कसा भरायचा, ही विवंचना त्यातच आहे. ‘बर्गी’ म्हणजे आपला ‘बारगीर’. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून १७५१ पर्यंत बंगालवर केलेल्या स्वाऱ्यांची ही स्मृती. त्या भयाने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेण्यात आला. तो पुरा झाला नाही, आणि १७९९ मध्ये बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. खंदक गेला, फौजा गेल्या, पण पाळण्यापाशी तो शब्द राहिला. बंगाली बाळाने मराठ्यांविषयी पहिल्याने ऐकले ते अर्थ न कळता, केवळ नाद म्हणून, झोपेच्या गुंगीत. भाषा मुलाकडे अशीच येते : नाद आधी, अर्थ मागाहून, आणि इतिहास सर्वांत शेवटी.

यानंतर १९०३ मध्ये रवींद्रनाथांच्या ‘शिशु’मधील कविता आल्या. नोव्हेंबर १९०२ मध्ये पत्नी मृणालिनीदेवी गेल्या होत्या; दुसरी मुलगी रेणुका क्षयाने आजारी होती. तिला घेऊन ते अलमोड्याला राहिले, तेथे यांतील बहुसंख्य कविता लिहिल्या गेल्या आणि सप्टेंबर १९०३ मध्ये रेणुकाही गेली. आई गमावलेल्या मुलांच्या सहवासात लिहिलेल्या या कवितांत आई सतत आहे. त्यांचे काव्यगुण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. ‘शिशु’मधील मूल फार चांगले बोलते. त्याच्या कल्पना बालसुलभ आहेत, पण त्याची भाषा अडखळत नाही, चुकत नाही. तिच्यात कवीची सफाई आहे. मिनीच्या बोलण्यातील अनपेक्षित उडी येथे क्वचितच आढळते. ‘शिशु’ हे मुलाच्या मिषाने केलेले प्रौढाचे चिंतन आहे आणि त्याची थोरवीही त्याच जातीची आहे. बोबड्या बोलांच्या इतिहासात मात्र पुढचे पाऊल ‘शिशु’ने टाकले नाही.

ते पाऊल सुकुमार राय यांनी टाकले. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ मध्ये सुकिया स्ट्रीटवरूनच, म्हणजे प्रभावती जेथे वाढली त्याच रस्त्यावरून, ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. पुढे हे बिऱ्हाड आणि छापखाना सर्क्युलर रोडलगतच्या १००, गडपार रोड येथे गेले. १९१५ मध्ये उपेंद्रकिशोर वारल्यावर मासिकाची धुरा सुकुमारांकडे आली. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान आणि रसायन शिकलेला, विलायतेत मुद्रणतंत्राचा अभ्यास करून आलेला हा लेखक भाषेकडे प्रयोगशाळेतल्या द्रव्यासारखे पाहू शकत होता. शब्द माणसाच्या विचारावर कसा स्वार होतो, यावर त्यांनी ‘भाषार अत्याचार’ हा गंभीर निबंधही लिहिला आहे. त्यांच्या विनोदी कवितेत मोठ्यांची लाडिक बोली नाही. आहे ती मुलाची पद्धती. ‘खिचुडी’ या कवितेत हंस आणि सजारू, म्हणजे साळिंदर, यांचा ‘हाँसजारू’ होतो. बक आणि कच्छप एक होऊन ‘बकच्छप’ जन्मतो. व्याकरण जुमानायचे नाही असे कवी म्हणतो खरे, पण हे संधी अगदी शिस्तीत झालेले आहेत. मूल ‘करले’ म्हणताना जे करते, तेच येथे प्राणिसृष्टीवर केले आहे : नियम पाळायचा, अपवाद मानायचा नाही.

‘शब्दकल्पद्रुम’ ही कविता याहून सूक्ष्म आहे. हे नाव राधाकांत देव यांच्या प्रचंड संस्कृत कोशाचे. एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याच्या विद्वत्तेचे ते एक शिखर. सुकुमारांनी ते घेतले आणि त्याखाली वाक्प्रचारांचा शब्दशः अर्थ लावणारे जग उभे केले. बंगालीत फूल ‘फुटते’, तेव्हा फटाक्यासारखा आवाज व्हायलाच हवा. चंद्र ‘बुडतो’, तर गटांगळ्या ऐकू यायला हव्यात. मराठी मुलालाही ‘रात्र पडली’ असे म्हटल्यावर तिला लागले का, असा प्रश्न पडू शकतो. जुन्या, झिजलेल्या रूपकांवर मूल विश्वास ठेवते, म्हणून ती त्याच्यापाशी पुन्हा जिवंत होतात. याच वळणाने ‘ह-य-ब-र-ल’ या गद्यकथेचे नाव माहेश्वर सूत्रांतील अक्षरमालेची आठवण करून देते आणि बंगालीत त्याचा अर्थ सावळागोंधळ असा होतो. कोश आणि व्याकरण ही पंडितांची दोन शस्त्रे. सुकुमारांनी दोन्ही खेळण्यांच्या पेटीत ठेवली.

या हसण्याच्याही मागे मृत्यू उभा होता. १९२१ मध्ये सुकुमारांना काळाआजार जडला. त्याच वर्षी २ मे रोजी त्यांचा मुलगा सत्यजित जन्मला. त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज हाताशी नव्हता. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी ‘आबोल ताबोल’, म्हणजे ‘असंबद्ध बडबड’, या संग्रहाची मांडणी केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले. पुस्तक १९ सप्टेंबरला निघाले. ज्या अडीच वर्षांत हे पुस्तक आकाराला येत होते, त्याच काळात घरात एक मूल पहिले शब्द उच्चारत होते. सत्यजितना वडिलांची एकच आठवण उरली होती : गंगाकाठच्या घरात खिडकीपाशी चित्र काढणाऱ्या वडिलांनी आगबोट जात असल्याचे सांगितले आणि आपण धावत बाहेर गेलो. म्हणजे आठवणीत उरले तेही एक बोललेले वाक्यच. १९८२ च्या ‘जखन छोटो छिलाम’ या आठवणींत त्यांनी गडपारच्या छापखान्याचेही वर्णन केले आहे. हातात कागदावरील रेघोट्या घेऊन ते रामदहिन या कामगाराकडे जात आणि हे ‘संदेश’साठी आहे असे सांगत, तोही गंभीरपणे मान डोलावून होकार देई. मुलाचे म्हणणे हसून न उडवण्याची त्या घराची रीत कामगारांपर्यंत पोहोचलेली होती, असाच याचा अर्थ. १९६१ मध्ये सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने सत्यजितनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केले.

१९२३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षणीय आहे. त्याच साली झां पियाजे यांचे मुलाची भाषा आणि विचार यांवरील पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, रशियन लेखक कोर्नेई चुकोव्स्की यांनी मुलांच्या नमुनेदार उक्तींचे पुस्तक काढले. ‘दोन ते पाच’ या नंतरच्या नावाने ते जगभर गेले. पियाजे यांना मुलाचे बोलणे हे विचाराच्या घडणीचे साधन वाटले, चुकोव्स्कींना ती भाषिक प्रतिभा वाटली. या दोघांशी कलकत्त्याच्या लेखकांचा संबंध दाखवता येत नाही, आणि दाखवण्याचे कारणही नाही. बाहेरच्या शास्त्रावाचून, आपल्या छड्यांच्या आणि आपल्या घरातल्या मुलांच्या आधारे, हे शहर तेथवर आले होते. त्याला साहाय्य झाले ते भाषेतील एका मोठ्या स्थित्यंतराचे. मूल साधुभाषेत बोलूच शकत नाही. ‘काबुलीवाला’त निवेदन साधुभाषेत आणि मिनीचे बोलणे चलित बंगालीत आहे. १९१४ मध्ये प्रमथ चौधुरी यांच्या ‘सबुजपत्रा’ने चलित भाषेचा पुरस्कार चळवळीसारखा केला, त्याच्या कितीतरी आधी मुलांनी ती साहित्यात आणून सोडली होती.

१९३० मध्ये रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’ निघाले. चित्रे नंदलाल बसूंची. पाऊणशे वर्षांपूर्वीचे ‘वर्णपरिचय’ अक्षरांपासून सुरू होते आणि मुलाला त्यांच्यापाशी आणले जाते. ‘सहज पाठ’ अजून बोलायलाही न शिकलेल्या एका तान्ह्या मुलापासून सुरू होते; पहिले दोन स्वर रवींद्रनाथांनी त्याच्या तोंडी घातले आहेत. अक्षर हे आधी कोणाच्या तरी ओठांवरचा उच्चार असते, हे या रचनेने पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच पानावर मान्य केले. ‘वर्णपरिचया’चे महत्त्व यामुळे उणावत नाही. पण त्या पुस्तकाच्या कर्त्याने जे एका अप्रकाशित लेखनात जपून ठेवले होते, ते आता शाळेच्या पुस्तकात उघडपणे आले.

कोलकात्यातील आचार्य प्रफुल्लचंद्र रस्ता, म्हणजे जुना अपर सर्क्युलर रोड, हा या इतिहासाचा भूगोल आहे. बुजलेल्या मराठा खंदकावरून जाणाऱ्या या रस्त्यावर छडे जपणारी साहित्य परिषद आहे. विद्यासागरांचे अखेरच्या काळातील घर आणि गडपारचा छापखाना दोन्ही त्याच्या आसपास. अर्ध्यापाऊण तासाच्या पायी वाटेत एका भाषेने आपल्या मुलांचे बोलणे ऐकायला शिकल्याच्या खुणा सापडतात. विद्यासागरांनी विसराच्या भयाने नोंद केली, रवींद्रनाथांनी अर्थ कळण्याचा क्षण टिपला, सुकुमारांनी चुकीतला नियम काव्याच्या कामी लावला. विद्यासागर आणि सुकुमार यांनी हे केले तेव्हा मृत्यू त्यांच्या घरात किंवा दाराशी होता. बोबडे बोल तसेही अल्पायुषी असतात. मूल जगले तरी ते दोन-तीन वर्षांत संपतात, आणि बोलणाऱ्याला स्वतःला ते आठवत नाहीत. त्यांची साक्ष ऐकणाऱ्यानेच ठेवावी लागते. मराठी घरांतही असे शब्द रोज जन्मतात आणि नाहीसे होतात. केळकरांनी मोठ्यांच्या लाडिक बोलीचे वर्णन करून ठेवले. मुलांच्या स्वतःच्या ‘करले’ आणि ‘मरला’ची तितक्याच आस्थेने नोंद ठेवणे हे मराठीच्या अभ्यासकांपुढचे आणि लेखकांपुढचे काम आहे.